तळ्यावरची चाकोरी

आधीच सांगते, मी असलं काही मानणाऱ्यातली नाही. ऑफिसात कुणी अमावस्येला नवीन मशीन सुरू करू नका म्हणालं, तर मी मुद्दाम त्याच दिवशी बटण दाबते. तरीही हे लिहितेय… कारण डोक्यातून जात नाही.

मी संभाजीनगरला, वाळूजच्या एका कारखान्यात गाड्यांच्या चाचण्या घेते. आमच्याकडं एक प्लग-इन हायब्रिड गाडी आली होती — घरच्या प्लगवर चार्ज होते, बॅटरीवर चालते, आणि बॅटरी उतरली की पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू होतं. कडक थंडीत ती कशी वागते ते बघायला मी आणि आमचे गायकवाड सर जानेवारीत तिला घेऊन लडाखला गेलो. सर मूळचे पैठणचे, रिटायरमेंटला आलेले, आणि भुताखेतांच्या बाबतीत माझ्याहून कोरडे.

एका तळ्याकाठच्या गावात होमस्टेत उतरलो होतो. रात्रीतून बर्फ पडला. सकाळी बघतो तर रस्ता, शेतं, तळं — सगळं एकच पांढरं. पण होमस्टेच्या फाटकापासूनच एका गाडीच्या चाकांची ताजी चाकोरी दिसत होती. मला हायसं वाटलं.

"सर, कुणीतरी पुढं गेलंय. त्याच्या मागोमाग घेते."

"घे. पण हळू."

गाडी बॅटरीवर होती. आवाज फक्त चाकाखाली बर्फ दबल्याचा. काही वेळानं रस्ता जरा जास्तच सपाट वाटायला लागला… एक खड्डा नाही, एक दगड नाही. मी सरांना तसं म्हणणार, तेवढ्यात खालून आवाज आला. जाड काच तडकावी तसा, आणि लांबपर्यंत पळत गेलेला.

मी ब्रेक दाबला.

"नीता," सर अगदी हळू म्हणाले, "आपण रस्त्यावर नाय. तळ्यावर आहोत."

समोर पाहिलं. चाकोरी आमच्यापुढं थोडीशी गेली होती आणि… संपली होती. भोक नाही, वळल्याची खूण नाही, कुणी उतरल्याचं पाऊल नाही. त्यापुढं नुसता कोरा बर्फ.

पुन्हा कडकड. त्यात थंडीनं बॅटरी भराभर उतरून शेवटच्या पट्टीवर आलेली. आता इंजिन सुरू झालं असतं, तर त्या थरथरीनं बर्फ टिकला असता का, कुणास ठाऊक.

"हीटर बंद कर! सगळं बंद कर!"

मी सगळं बंद करून रिव्हर्स टाकला. मागचा कॅमेरा बर्फानं माखलेला. सरांनी काच खाली करून मान बाहेर काढली. "सरळ… सरळ ठेव… डावीकडं नको. येऊ दे, थांबू नको." सरांचा आवाज कापताना मी कधी ऐकला नव्हता. मागची चाकं काठाच्या दगडांवर चढली, आम्ही पुरते बाहेर आलो, आणि इंजिन धडधडत सुरू झालं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले.

गावात येऊन सांगितलं, एक गाडी तळ्यात गेली असावी. होमस्टेचे मालक आणि चार माणसं दोर, पहारी घेऊन धावली. बर्फ कुठंच फुटलेला नव्हता. चाकोरी त्यांनीही पाहिली — आमच्या टायरपेक्षा बरीच अरुंद, जुन्या जीपची असावी तशी. मालक म्हणाले, "बर्फ गिरने के बाद कोई गाड़ी निकली ही नहीं।" खरंच, गावातल्या सगळ्या गाड्या बर्फाखाली जागच्या जागी होत्या. चाकोरी होती फक्त तळ्यापासून आमच्या फाटकापर्यंत. फाटकाच्या पलीकडं काहीच नाही.

गाडी लेहलाच ठेवून आम्ही विमानानं परतत होतो. सर म्हणाले, "नीता, ती गाडी तळ्याकडं गेली, असं आपण धरून चाललो."

"मग?"

"तळ्यातून आली असंल तर?"

आम्ही झोपलेलो असताना फाटकाशी येऊन कोण थांबलं होतं, आणि तिथून ते गेलं कुठं… मला आजही सांगता येत नाही. सरांना मी एकदाच पुन्हा विचारलं. ते उठून खोलीबाहेर गेले.