दाजींची पोकळ गिटार

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, रामहरी. वरकुट्याला कलिंगडं पिकवतात आणि गिटार वाजवतात. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदतात, असं लोक मला विचारतात. मी म्हणतो, नांदत नाहीत, रोज भांडतात.

तरुणपणी ते इंदापूरच्या एका ऑर्केस्ट्रात होते. ऑर्केस्ट्रा मोडला आणि दाजींकडे इलेक्ट्रिक गिटार तेवढी उरली. ती आतून भरीव, जेवायच्या पाटासारखी. स्पीकरला जोडली तर वाजणार, नाहीतर तारा नुसत्या कुजबुजणार. आणि शेतावरच्या लाइटीची तऱ्हा काय सांगावी! लाइट आली की घरात पळापळ. कुणी मोटार चालू करायला, कुणी गिरणीकडं, आणि माझी बहीण द्वारकाबाई, आमची अक्का, फावडं घेऊन दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी सोडायला. लाइट गेली की सगळे निवांत अंगणात. म्हणजे गिटार वाजायची तेव्हा समोर कुत्रंसुद्धा नाही, आणि माणसं जमायची तेव्हा गिटार मुकी.

दाजींनी स्वतः बसवलेली एक चाल आहे. लग्न झालं त्या वर्षी अक्कासाठी बसवलेली.

"तिनं एकदा बसून ऐकली न्हाय ओ, पाव्हणं," ते मला म्हणाले. "संसार झाला, सून आली, पर माझी चाल काय तिच्या कानावर पडली न्हाय."

मी थट्टा करणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून मला खरंच वाईट वाटलं. म्हटलं, चला बारामतीला, नवी गिटार बघू.

मी बारामतीजवळ जळोचीला राहतो, त्यामुळे दाजी आणि अक्का आधी माझ्याकडे आली. तिथून दुकानापर्यंत मी एकच सांगत होतो, की साधी लाकडी गिटार घ्या आणि मोकळे व्हा. दाजी ऐकतील तर शपथ. त्यांचं म्हणणं, गावात हळदीला वाजवायची तर स्पीकरला जोडता आली पाहिजे, आणि घरी बिनलाइटीचीही घुमली पाहिजे. अक्काला माठ घ्यायचा होता. आमचा वाद ऐकून कंटाळली आणि सरळ बाजारात निघून गेली.

दुकानदार अविराज, चुणचुणीत पोरगा. दाजींची अडचण ऐकून म्हणाला, "काका, तुम्हाला हॉलोबॉडी लागेल."

"म्हंजी?"

"इलेक्ट्रिकच, पण आतून पोकळ."

दाजी उखडलेच. पोकळ निघालेलं कलिंगड व्यापारी बाजूला फेकतो, वर शेतकऱ्याला दोन शब्द ऐकवतो. त्या एका शब्दापायी दाजींनी आजवर पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत.

"पोकळ माल गिऱ्हाइकाला सांगून ईकतोस? वा रं पठ्ठ्या!"

पोकळ म्हणूनच ती घुमते, हे त्यांच्या गळी उतरवताना अविराजला घाम फुटला. शेवटी दाजी म्हणाले, "मग वाजवून घेतो." त्याला वाटलं, आता तारा छेडतील. दाजींनी गिटार मांडीवर पालथी घातली, पाठीवर टिचक्या मारल्या आणि कान लावला.

"कच्ची हाय."

दुसरीला टिचकी. "हीबी कच्ची. टणटण करतीया."

तिसरी बद्द वाजली आणि दाजींचा चेहरा खुलला. "ही पिकली. ही बांधून द्या."

"दाजी, तारा तरी छेडा," मी हात जोडले. त्यांनी छेडल्या. मच्छरदाणीबाहेर डास फिरावा तसा आवाज आला.

एवढ्यात अक्का कडेवर माठ घेऊन दारात उभी. तिनं टिचक्या बघितल्या होत्या. "आवो, फळ हाय का ते? मडक्यावानी बघा, खणखणीत वाजलं पायजे," असं म्हणून तिनं आपला माठ वाजवून दाखवला. दाजी म्हणाले, मडक्यात पाणी भरतात, गिटारीत नाही. ती म्हणाली, कलिंगडासारखी कापूनही खात नाहीत. भांडण चांगलंच रंगलं. अविराजनं चहा मागवला.

चहा पिऊन अक्कानंच तोड काढली. "तुमी वाजवा. मी हितं दारात हुबी ऱ्हाते. आपली चूल अंगणापासनं एवढीच लांब हाय. तितं ऐकू आली तर घ्यायची."

दाजींनी पिकलेली वाजवली. अक्कानं मान हलवली. मग त्यांनी आधी कच्ची ठरवलेली, हलकीशी गिटार नाइलाजानं उचलली आणि आपली चाल धरली. वायर नाही, काही नाही, तरी सूर दारापर्यंत स्वच्छ गेला. चाल मध्यावर आली आणि अक्का ओरडली, "हितं!"

दाजी थबकले.

"हितंच अडखळताय. रोज हितंच."

"रोज? तुला काय ठावं?"

"दारं धरताना लांबनं येतोय की स्पीकरचा आवाज. मी फावडं टेकवून ऐकत हुबी ऱ्हाते. मागं वाफा फुटून पानी वाया गेलं, तवा माझ्यावर खेकसला न्हवं तुमी? तो कशानं फुटला हुता?"

"आगं, मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी वाजवायचं थांबला असता."

दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी उगाच माठाला तडा शोधत बसलो. अविराजनं हळूच विचारलं, "मग कुठली देऊ?"

"जिच्यातली चूक दारापतुर आली, ती," अक्का म्हणाली.

परवा वरकुट्याला गेलो होतो. लाइट गेली, सगळे अंगणात जमले, दाजींनी चाल धरली. मध्यावर चुलीपासून आवाज आला, "हितं!" सगळे हसले, दाजीही हसले.

जेवताना मी त्यांना छेडलं, "दाजी, एवढ्या वर्षांत एक जागा सुधारता येईना?"

दाजींनी चुलीकडे बघितलं आणि माझ्या कानाशी आले. "सुधारली कवाच, पाव्हणं. पर बरोबर वाजवली, तर ती 'हितं' कुठं म्हणंल?"