दारातली फरशी

टकटककाकू कुठेही गेल्या की आधी खाली बघतात, माणसांकडे नंतर. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्या की नवरा-नवरी तिकडे अवघडून उभी आणि या इकडे वाकून बोटाच्या सांध्यानं फरशी वाजवतायत. एकदा दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत आ वासून पडल्या होत्या, तरी एक हात खाली सोडून टकटक चालूच. तोंडातला कापूस निघाल्याबरोबर पहिलं वाक्य, "डॉक्टर, तुमची ही फरशी पोकळ आहे."

"दाढही," डॉक्टर म्हणाले.

काकू फरशी बसवतात. खाली सिमेंटचा माल नीट भरला असेल तर फरशी ठाम बोलते, आणि पोकळी राहिली असेल तर मडक्यासारखी. अशी पोकळ फरशी आज ना उद्या तडकते. काकूंचा कान इतका तयार झालाय, की त्या कलिंगडवाल्यासमोर उभ्या राहिल्या की तो आपणहून म्हणतो, "बाई, तुम्ही नका वाजवू, मीच चांगलं काढून देतो."

काकूंचा नवरा नळाची कामं करतो. घरातलं भांडणही तो नळासारखंच हाताळतो, आधी मेन कॉक बंद. काकूंनी त्याच्या थोरल्या भावाचा, म्हणजे भाऊजींचा विषय काढला की तो पाना उचलून मोरीत जातो. मोरीतलं काहीही बिघडलेलं नसतं.

या विषयाची गोष्ट अशी. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा काकू सासरच्या माणसांबरोबर कामावर जायच्या. भाऊजी मिस्त्री आणि काकू त्यांच्या हाताखाली माल कालवायच्या, घमेलं वाहायच्या. बघून बघून हात शिवशिवत होते. एका दुपारी पुरुष मंडळी जेवायला गेली तेव्हा काकूंनी माल पसरला, सूत बघितलं आणि एक फरशी बसवली. मागे सरकून बघितली. सुरेख बसली होती. तेवढ्यात भाऊजी आले. त्यांनी ती वाजवून बघितली नाही की लेव्हल लावली नाही. कडेनं थापी घातली, उचलली आणि बाजूला भिरकावली. पाच-सहा माणसांसमोर म्हणाले, "बायकांनी फरशी पुसायची असते, बसवायची नसते."

माणसं हसली. काकूही हसल्या. नवी सून होती, दुसरं करणार काय? पण ते वाक्य त्यांनी घरी नेलं. लोकरीचा कपडा जपावा तसा तो राग त्यांनी जपला. मधूनमधून बाहेर काढायचा, झटकायचा, ऊन दाखवायचं, घडी घालून परत ठेवायचा. कसर लागू दिली नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारे मिस्त्री होते, त्यांच्याकडे जाऊन काम शिकल्या. स्वतःची थापी घेतली. आज चांगल्या चांगल्या घरांतून बोलावणं येतं. पण सूड काही निघाला नव्हता, कारण भाऊजीही तोवर ठेकेदार झाले होते. मोठ्या माणसाचा सूड घ्यायचा तर तो सापडावा लागतो, आणि भाऊजी गाडीतून खाली उतरायचेच कमी.

छोटे छोटे सूड चालू असायचे. भाऊजींच्या नव्या बंगल्याच्या वास्तूला सगळे झुंबरं बघत होते तेव्हा काकू घरभर टकटक करत हिंडल्या आणि एक अक्षर न बोलता घरी आल्या. भाऊजींना म्हणे रात्रभर झोप नाही. पण हे सगळं तोंडी लावणं झालं.

आणि मग गेल्या महिन्यात भाऊजींची नात काकूंकडे आली. दहावीत होती. लहानपणापासून काकूंच्या मागे घोटाळणारी, त्यांना धाकटी आजी म्हणणारी. आल्या आल्या भिंतीला टेकून बसली.

"धाकटे आजी, आजोबांची कंपनी सुट्टीत मुलांना काम शिकवणार आहे. मी फरशीकामाला नाव देते म्हटलं."

"मग?"

"आजोबा म्हणाले, मुलींसाठी ऑफिसात रंगांच्या नमुन्याच्या पट्ट्या लावायचं काम ठेवलंय. मी म्हटलं, मला पट्ट्या नकोत. तर म्हणाले..."

"बायकांनी फरशी पुसायची असते," काकू म्हणाल्या.

"बसवायची नसते," नात म्हणाली. "तुला कसं कळलं?"

मोरीत पाना पडल्याचा आवाज आला.

काकूंनी तांदूळ निवडायचं ताट बाजूला ठेवलं. आपल्याला म्हटलेलं एक वेळ ठीक होतं, पण माणूस तेच वाक्य न बदलता पुढच्या पिढीला द्यायला निघाला होता. "तुझ्या शाळेत ते बांधकामाचं प्रदर्शन कधी आहे?" त्यांनी विचारलं.

शाळेत दरवर्षी हा कार्यक्रम असे. नववी-दहावीच्या मुलांना बांधकामातले कामधंदे दाखवायचे म्हणून हॉलमध्ये टेबलं मांडत. सुतार, वायरमन, जमीन मोजणारे, क्रेन चालवणारे, सगळे येऊन आपापलं काम समजावून सांगत. प्रमुख पाहुणे कायम भाऊजी. हॉलची फरशी त्यांनीच, मिस्त्री असताना, स्वतःच्या हातानं बसवलेली. आणि त्यांचा मोठेपणा असा, की ते कधी स्टेजवर बसत नसत. आल्यापासून जाईपर्यंत दारात उभे राहून येणाऱ्याचं स्वागत करायचे, भाषणही तिथूनच, हातातल्या माइकवर. मुख्याध्यापिका बाई दरवर्षी सांगायच्या, "एवढा मोठा माणूस, पण खुर्चीचा मोह नाही." काकूंना त्या हॉलात कधी बोलावणं आलं नव्हतं. या वर्षी नातीनं बाईंना सांगून त्यांच्यासाठी एक टेबल मिळवलं.

काकूंचा बेत सोपा होता. भाऊजींच्या हातची फरशी म्हणजे निम्मी पोकळ असणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. माणूसच पोकळ. सगळ्या शाळेसमोर ती वाजवून घ्यायची, की झालं.

कार्यक्रमाच्या दिवशी दारात भाऊजी उभे होतेच. कडक इस्त्री, हात जोडलेले.

"या वहिनी. तुम्ही काय मांडणार? फडकं-बादली?"

"ते तुमच्यासाठी आणलंय भाऊजी," काकू म्हणाल्या. आणि खरंच आणलं होतं. फरशी बसवणाऱ्याच्या सामानात थापी, रबरी हातोडी, घमेलं यांच्याबरोबर फडकं-बादलीही असतेच.

क्रेनवाल्याच्या टेबलाशी मुलांची झुंबड होती. उंचावर बसून काम करायचं म्हटल्यावर कोण सोडतं? एकानं विचारलं, "वर असताना लघवीला लागली तर?" क्रेनवाला गंभीरपणे म्हणाला, "हाच प्रश्न मला मुलाखतीत विचारला होता." काकूंच्या टेबलाशी सुरुवातीला तिघीच होत्या, त्यातली एक खिडकीतलं ऊन चुकवून सावलीसाठी आलेली.

काकूंनी एका लाकडी पाटावर दोन फरश्या बसवून आणल्या होत्या, एक भरीव, एक मुद्दाम पोकळ. "वाजवा," त्या म्हणाल्या. "खोटी कुठली ते सांगा." सावलीवालीनं वाजवलं आणि तिचे डोळे चमकले. तिनं मैत्रिणीला बोलावलं, मैत्रिणीनं भावाला. बघता बघता क्रेनवाला एकटा पडला.

"काकू, यात गुडघे दुखतात का?"

"दुखतात. म्हणून गुडघ्याला गादी बांधायची. आणि खुर्चीत बसून काम करणाऱ्यांची कंबर दुखते. दुखायचं तर आहेच, काय दुखवून घ्यायचं ते आपण ठरवायचं."

"मुली करतात हे?"

"फरशी विचारत नाही," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात, ज्या प्रश्नाची काकू सकाळपासून वाट बघत होत्या, तो एका पोरानं विचारला. "मग ही हॉलची फरशी कशी आहे?"

काकूंनी दाराकडे बघितलं. "ती या पाहुण्यांनी बसवलीय. त्यांची हरकत नसेल तर वाजवून बघा."

सगळ्या हॉलचं तोंड दाराकडे वळलं. भाऊजींच्या हातात माइक होता, आणि हातात माइक असलेला माणूस नको ते बोलतो. "खुशाल वाजवा," ते म्हणाले. "माझ्या हातची एक फरशी पोकळ निघाली तर वहिनींच्या हाताखाली घमेलं मी वाहीन. त्या सांगतील ते काम करीन."

"खडू घ्या," काकू म्हणाल्या. "पोकळ लागली की फुली मारा."

अख्खी नववी-दहावी गुडघ्यावर आली. जमीन मोजणारे साहेबसुद्धा, चष्मा सांभाळत. हॉलभर टकटक, टकटक, गारा पडाव्यात तशी. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं उन्हात घातलेला राग आज अंगावर चढवायचा होता.

"काकू, इथे भरीव."

"काकू, इकडेपण भरीव."

"खिडकीजवळ सगळ्या भरीव."

काकू स्वतः खाली बसल्या. वाजवलं. ठाम. पुढची ठाम. त्यापुढची इतकी ठाम की त्यांच्याच बोटाला लागलं. स्टेजपासून खिडकीपर्यंत त्या रांगत गेल्या. सांधे एका रेषेत, माल काठोकाठ. मेल्यानं काम मात्र केलं होतं. सूड घ्यायला आलेल्या माणसाला समोरच्याचं चांगलं काम दिसणं याइतका वाईट अनुभव नाही. मुलांच्या हातातले खडू तसेच कोरे. मुख्याध्यापिका बाईंनी टाळ्या वाजवायला हात वर घेतले.

"काय वहिनी," भाऊजी दारातून म्हणाले, "झालं समाधान?"

काकू गुडघ्यांवरच होत्या. तिथून त्यांना भाऊजींचा चेहरा दिसत नव्हता, बूट दिसत होते. आणि बूट बघता बघता त्यांच्या मनात आलं, इतका फुशारलेला माणूस एव्हाना हॉलभर मिरवून यायला हवा होता. हा जागचा हलला का नाही? सकाळपासून तिथेच. गेल्या वर्षीही म्हणे तिथेच. त्याच्या आदल्या वर्षीही.

त्यांनी नातीकडे बघितलं. नात फरशीकामाला नाव द्यायला निघाली होती ती काही उगाच नाही. ती खडू घेऊन दाराकडे निघालीच होती.

"आजोबा, जरा सरका."

"इकडचं झालंय बाळ. इकडची बघितली."

"कोणी बघितली? तुम्ही उभे आहात की."

"अगं, पाहुणे येतायत..."

"सगळे आत आहेत आजोबा. पाय उचला."

भाऊजींनी एक पाय उचलला. दुसरा उचलायला फार वेळ लागला. नातीनं वाकून टकटक केलं. मडकं बोललं.

नातीनं नीट, मोठी फुली मारली.

भाऊजींनी माइक खाली घेतला. काकू जवळ गेल्या तेव्हा ते फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं पुटपुटले, "थापी आत विसरली होती. ती आणायला ओल्या फरश्यांवरून उडी मारली. एकच पाय टेकला, फरशी खचली."

"मग उचलून परत माल भरायचा."

"अंधार पडत आला होता वहिनी. कडेनं थापी घातली आणि वर घेतली. वरून लेव्हल केली."

"आणि तेव्हापासून तिच्यावर उभे राहताय."

काकूंना वाटलं होतं, या क्षणाला आपल्याला दया येईल की काय. त्यांनी मनात चाचपून बघितलं. आली नाही. तेव्हा त्यांना फार बरं वाटलं.

"घमेलं तिकडे आहे भाऊजी," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "माल पातळ कालवू नका."

कडक इस्त्रीच्या बाह्या वर गेल्या. माल मात्र त्यांनी उत्तम कालवला, हात विसरले नव्हते. नातीनं छिन्नी घालून फरशी उचलली, खालचं खरवडून काढलं, माल भरला, सूत बघितलं, रबरी हातोडीनं हलके हलके बसवली. काकूंनी बोटसुद्धा लावलं नाही. लेव्हलचा बुडबुडा मधोमध येऊन थांबला. नातीनं वाजवलं. ठाम. तिनं आजोबांकडे बघितलं.

"सोमवारी सुट्टी लागली की ये," आजोबा म्हणाले. "पट्ट्या दुसरं कोणी लावेल."

"आणि मी?" सावलीवाली म्हणाली.

"तूही ये बाई."

तिच्यामागे आणखी कितीतरी मुली पुढे सरकल्या. भाऊजींना वाटलं, आता संपलं. ते हात झटकून उठायला लागले. काकूंनी खांद्यावरचं फडकं काढून बादलीत बुडवलं, पिळलं आणि त्यांच्यापुढे धरलं. कडांवर मालाचे डाग होते, ते सुकायच्या आत पुसावे लागतात, हे भाऊजींना कोणी सांगायला नको होतं.

भाऊजींनी फडक्याकडे बघितलं, मग काकूंकडे. त्यांना ते वाक्य आठवलं हे काकूंना स्पष्ट दिसलं. भाऊजी गुडघ्यावर बसले आणि पुसू लागले.

काकू वर उभ्या राहून बघत होत्या. घाई अजिबात नव्हती.

"कोपरा राहिला भाऊजी," त्या म्हणाल्या.