अठ्ठ्याण्णव टक्क्यांतली बनुबाई

पाथर्डीकडच्या बनुबाईनं वीस हंगाम ऊस तोडला. मागच्या पौषात उसानं भरलेल्या गाडीवरून ती पडली आणि उजवं मनगट मोडलं. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. दीड महिन्यानं गावातल्या कंपाउंडरनं प्लास्टर कापलं, तेव्हा हाड वाकडं जुळलं होतं. मूठ मिटेना. कोयता सोडाच, भाकरीही थापता येईना.

चैत्रात सून सविता तिला पुन्हा त्याच दवाखान्यात घेऊन गेली. केसपेपरच्या रांगेत सविताला भिंतीवरचा नवा फलक दिसला. तिनं तो वाचून दाखवला. "आत्या, इथनं अठ्ठ्याण्णव टक्के पेशंट बरे होऊन घरी जात्यात, असं लिवलंय."

बनुबाई खिडकीपाशी गेली. "साहेब, त्या अठ्ठ्याण्णवात मी हाय का, बघा."

कारकुनाला वाटलं, बाई चेष्टा करतेय. पण ती हलेना. मागची रांग कुरकुरू लागली, तेव्हा त्यानं कॉम्प्युटरवर नाव शोधलं. "आहे. सुधारणा होऊन घरी."

"मला त्यातून काढा."

"असं काढता येत नाही, बाई."

तिनं वाकडा हात खिडकीतून आत घातला, थेट त्याच्या तोंडापुढं. "ही सुधारना व्हय? काढल्याबिगर मी हलत न्हाई."

शिपाई तिला बाजूला करायला आला. "हात लावशील तर बघ," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तरी तो मागं सरला. शेवटी हाडांचे तरुण डॉक्टर बाहेर आले. त्यांनी हात पाहिला, जुना केसपेपर पाहिला.

"मावशी, आठव्या दिवशी हाडाचा फोटो, एक्स-रे काढायला यायचं होतं. हाड सरकलेलं तेव्हाच कळलं असतं."

"कुठं लिवलंय? दावा."

कागदावर तसं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी कागद मिटून ठेवला. मग म्हणाले, "इथून बाहेर पडला की माणूस बरा धरतात. पुढं त्याचं काय झालं, ते कुणी विचारत नाही."

"मंग इचारा की. फोन नंबर कशाला लिहून घेता?"

जूनमध्ये त्यांनीच ऑपरेशन केलं. नोंद मात्र बदलली नाही, तशी सोयच नाही म्हणे. बोटं आता अर्धी मिटतात. भाकरी जमते, कोयता नाही. दसऱ्यानंतर नवरा सूर्यभान आपल्या धाकट्या बहिणीला जोडीला घेऊन ऊसतोडीला गेला. वीस वर्षांत पहिल्यांदाच बनुबाई मागं राहिली.

डॉक्टर भला माणूस, असं सविता म्हणते. बनुबाईला ते ऐकवत नाही.

"भला हुता, तर पहिल्या खेपंला कुठं हुता?" ती म्हणते आणि भाकरी तव्यात आपटते.