आक्काला लागलेला शब्द

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी सेलूच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाचे गठ्ठे वाहायचो. हंगामभर आम्ही वालूरचे मजूर तिथंच मागं पालं ठोकून राहायचो. शाळा माझी चार इयत्ता, तीही उर्दूत. पण आमच्यात कागद वाचणारा मी एकटाच, आणि त्याची मला लय घमेंड होती.

फाटकावर विडीचं सामान काढून ठेवायचा नियम होता. पहारेकरी झडती घ्यायचा. माझी झडती घेणारा हा कोण, म्हणून मी आग पाडायची लोखंडी चकमक आणि गारगोटी चंचीत घालून धोतराच्या आत खोचून न्यायचो.

एका दुपारी मशीनमध्ये काहीतरी खडकन वाजलं, ठिणगी उडाली आणि कापूस पेटला. पाणी मारून विझवला. राखेतून मॅनेजरनं एक गारगोटी काढली आणि सगळ्यांसमोर वर धरली. तिचा एक कोपरा उडालेला होता. तो मीच उडवलेला. कमरेला हात लावला तर चंचीचा बंद सुटलेला, आत नुसती चकमक.

कापसातले खडे वेचायचं काम आक्काचं. आमच्याच गावची विधवा बाई, मला धाकट्या भावासारखं धरायची. मॅनेजरनं तिच्या हजेरीच्या चिठ्ठीवर इंग्रजीत एक शब्द लिहिला आणि तिला काढून टाकलं.

"शिकलेला हायस ना? वाच की," ती म्हणाली.

"हे उर्दू न्हाई, आक्का."

"मग ताठा कशाचा मिरवतुस? जा, साळंच्या मास्तरला इचारून ये."

मास्तर म्हणाले, "केअरलेस. म्हणजे निष्काळजी, हयगय करणारा. माणसालाही लावतात, कामालाही. ज्यानं लक्ष द्यायला हवं होतं आणि दिलं नाही, त्याला."

"आन एखाद्याला सगळं ठावं असून त्यो गप बसला तर?"

"मग हा नाही चालत. त्याला दुसरा शब्द आहे. सांगू?"

नको म्हणालो आणि निघालो.

आक्का पालापुढं वाट बघायलती. "लय वाईट हाय का रं?"

"न्हाई. नजर चुकली, इतकंच."

"माझी?" ती आपल्या बोटांकडं बघत राहिली. "दोनदा हात फिरवला हुता रं मी."

तेव्हा तरी बोलायचं होतं. पहारेकऱ्याला झडती न देणारा मी, मॅनेजरपुढं मान कुठली खाली घालतोय!

आक्का गावी परतली. लग्नकार्यात डाळ निवडायला बसली की दुसऱ्यांनी निवडलेली सुपंही ओढून घ्यायची. बाया चेष्टा करायच्या, "आक्का, सापडंना तर घालू का चार खडे?" ती हसायची नाही. शेवटच्या दुखण्यात तिची बोटं गोधडीवर चालायची, काहीतरी वेचत. मी उशाशी बसलेलो.

"न्हाई रं सापडत," मला म्हणाली.

विडी मी आगीच्या दिवशीच सोडली. गावात माझ्या निश्चयाचं कौतुक होतं; मी ऐकून घेतो. मास्तर कधीचेच गेले, तो दुसरा शब्द कुणाला विचारला नाही. गारगोटी माझी होती, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

अलीकडं जेवताना माझं बोट भाकरीच्या तुकड्यावरून फिरत राहतं. सून म्हणते, "मामा, पीठ दोनदा चाळलंय."

मी बोट काढत नाही.