न जुळणारे दात

मी त्या डॉक्टरबाईंकडे गेले होते ते मुलीच्या दातांसाठी. जर्मनीत, बोब्लिंगेनला आमच्या घरापासून बसने दोन स्टॉपवर त्यांचा दवाखाना आहे. वेटिंग रूमच्या भिंतीवर मासे रंगवलेले, खुर्च्यांवर शाळकरी मुलं, प्रत्येकाची मान फोनमध्ये. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिचा एक सुळा वर अडकून बसला होता, एवढंच. डॉक्टरांनी तिला तपासलं, तारा लावाव्या लागतील म्हणाल्या. मी दोन-तीन प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरं दिली, आणि मग स्टूल माझ्याकडे वळवून अगदी सहज विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही कधी कुणाला दाखवलं नाहीत?"

"काय?" मी म्हणाले. हात आपोआप तोंडावर गेला.

"तुमचे समोरचे दात मिटत नाहीत. बोलताना दिसतं."

मुलगी शेजारीच उभी होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. इतकी वर्षं मी तिला भरवलं, झोपवलं, तिच्यावर ओरडले, पण तिने माझ्या तोंडाकडे असं पाहिलं नव्हतं. माझे कान तापले.

माझ्या मागच्या दाढा एकमेकींवर बसायच्या, पण समोरचे वरचे आणि खालचे दात कधी एकमेकांना लागलेच नाहीत. दाढा घट्ट आवळल्या तरी पुढे एक पेन्सिल आत जाईल एवढी फट. ओठ ताणून मिटून घेतले की बाहेरच्याला कळायचं नाही. खाताना मात्र कळायचं. पातळ काहीही मला पुढच्या दातांनी तोडता यायचं नाही. शेवया, मेथीची काडी, सँडविचमधलं पान. आई घरी ब्लाउज शिवायची. शेवटचा टाका घातला की वाकून दोरा दातांनी तोडायची. मी शेजारी बसून हुक लावायचे आणि दर वेळी कात्री शोधायचे. आई काही बोलायची नाही, नुसती कात्री माझ्या बाजूला सरकवायची.

शाळेत 'स' म्हणताना माझी जीभ त्या फटीतून बाहेर यायची. वर्गात मोठ्याने वाचायची वेळ आली की मला खोकला लागायचा. लग्नाच्या अल्बममध्ये मी एकाही फोटोत हसलेली नाही; सासरच्यांना वाटलं, मुलगी गंभीर आहे.

जर्मनीत आल्यावर मी ठरवून टाकलं होतं की आता या वयात हे असंच राहणार. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. एकदा नवीन बॉसबरोबर सगळी टीम जेवायला गेली आणि मी नेहमीची काळजी विसरून सँडविचला तोंड लावलं. सॅलडचं पान तुटलं नाही. अख्खं पान बाहेर आलं, सॉससकट, आणि हनुवटीवर लोंबत राहिलं. समोरचा सहकारी खिडकीबाहेर पाहायला लागला. तो हसला असता तर बरं झालं असतं. त्याने सभ्यपणे नजर वळवली, आणि त्यानंतर मी कँटीनमध्ये सूपशिवाय काही घेतलं नाही.

म्हणून डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा मी "बघू" म्हणाले, पण घरी येताना बसमध्ये माझं ठरलेलं होतं.

माझ्या वयाला नुसत्या तारांनी भागणार नव्हतं. आधी तारा लावून दात रांगेत आणायचे, मग वरचा आणि खालचा जबडा कापून नव्या जागी बसवायचा, पुन्हा काही महिने तारा. रात्री नवऱ्याला सांगितलं.

"तुला एवढा त्रास होतो?" त्याने विचारलं.

"हो."

"इतक्या वर्षांत एकदाही बोलली नाहीस."

"काय बोलणार होते?"

डॉक्टर म्हणाल्या होत्या, हे सौंदर्यासाठी नाही, चावता येण्यासाठी आहे. ते वाक्य मी पाठ केलं आणि ऑफिसात, मैत्रिणींना, सगळ्यांना तसंच ऐकवलं. खरं तर आरशासमोर मी हाताने हनुवटी वर ढकलून, कशी दिसेन ते बघत असे. दोनाचे चार होऊन, चाळिशी ओलांडून, मला सुंदर दिसायचं होतं. तारांपेक्षा याचीच मला जास्त लाज वाटायची.

तारा मुलीला आणि मला साधारण एकाच सुमारास लागल्या. रिसेप्शनवरच्या बाईंना ते फार गोड वाटलं. त्यांनी आमच्या वेळा एकत्र दिल्या, म्हणजे एकाच फेरीत काम होईल. मुलीने निळ्या रबरांचा सेट घेतला, मी पारदर्शक. पहिल्या एक-दोन वेळा बरं गेलं. मग एकदा आम्ही आत शिरलो तर वेटिंग रूममध्ये तिच्या वर्गातल्या दोन मुली बसल्या होत्या. मुलगी माझ्या पुढे झाली, त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि पाठ माझ्याकडे केली. मी दाराजवळच्या खुर्चीत बसले. मासिक उघडलं. आपण कुणीतरी वेगळ्याच बाई आहोत अशा थाटात बसले, कारण तिला तेच हवं होतं हे मला कळत होतं.

तेवढ्यात दार उघडून असिस्टंट आनंदाने म्हणाली, "चला तर, आई आणि लेक, दोघी एकदमच या!"

सगळ्यांनी वर पाहिलं. वर्गातल्या मुलींपैकी एकीने माझ्या तोंडाकडे पाहून ओठ दाबले. मुलगी उठली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

परत येताना बसमध्ये ती जर्मनमध्ये म्हणाली, "पुढच्या वेळेपासून मी एकटी येईन." मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आमचं असंच चालतं.

"माझ्यामुळे?"

"पाइनलिश वाटतं, आई." पाइनलिश म्हणजे लाजिरवाणं. ती हा शब्द माझ्या डब्यातल्या पोळीसाठी वापरते, बाबाच्या जर्मनसाठी वापरते. पण या वेळी ती उर्मटपणे बोलली नव्हती. खिडकीकडे बघत, अगदी हळू बोलली होती.

"ठीक आहे," मी म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी फोन करून माझ्या वेळा सकाळच्या करून घेतल्या. रिसेप्शनवरच्या बाईंनी कारण विचारलं. मी ऑफिसचं सांगितलं.

तारांबरोबर जिभेलाही वळण लावावं लागतं. नाहीतर ती दात पुन्हा पुढे ढकलते. त्यासाठी मला वाचा-उपचाराच्या वर्गाला पाठवलं. तिथे येणारी बाकी सगळी मंडळी पाच-सहा वर्षांची. खुर्च्या त्यांच्या मापाच्या. माझे गुडघे छातीशी यायचे. शिकवणारी मुलगी पंचविशीची असेल. ती जिभेच्या टोकावर एक इवलंसं रबर ठेवायची आणि सांगायची, "आता हे टाळूला लावा आणि गिळा. ओठ हलवायचे नाहीत." मला गिळता यायचं नाही. इतकी वर्षं पाणी पीत आलेली बाई मी, आणि मला गिळता येत नव्हतं. पहिल्यांदा बरोबर जमलं तेव्हा तिने सवयीने स्टिकरांचा डबा पुढे केला, मग मी कोण आहे हे लक्षात येऊन गडबडली. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी एक स्टिकर घेतला. कासव होतं. बाहेर आल्यावर ते पर्सच्या आतल्या कप्प्यात दडवलं.

ऑपरेशनचं मी पुण्याला आईला खरं सांगितलं नाही. "दाढेचं छोटंसं काम आहे," एवढंच. तिला जबडा कापणार म्हणून सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, देवाने दिलेला चेहरा चांगला आहे की. 

हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आले तेव्हा माझं तोंड आहे की नाही तेच कळेना. गाल खांद्यापर्यंत सुजलेले. वरचे-खालचे दात रबरांनी एकमेकांना बांधलेले. नवरा भेटायला आला आणि दारातच क्षणभर थांबला. त्याने लगेच सावरलं, पण ते थांबणं मी पाहिलं. घरी आल्यावर तो रोज डाळीचं पाणी, टोमॅटोचं सार, भाताची पेज दोनदा गाळून सिरिंजमध्ये भरून द्यायचा. गालाच्या कडेने नळी आत सारायची आणि हळूहळू दाबायचं. अर्धं आत जायचं, अर्धं गळ्यावर. मी त्याला खोलीबाहेर जायला खुणावायचे. त्याच्यासमोर मला ते जमायचं नाही. आईचा फोन आला की तो सांगायचा, "झोपलीय." दर वेळी झोपलेली.

सूज थोडी उतरल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं. एका दुपारी औषध आणायचं होतं, नवरा कामावर होता, म्हणून मी निघाले. मुलगी न विचारताच बूट घालून बरोबर आली. औषधांच्या दुकानात मी चिठ्ठी पुढे केली आणि दातांतून काहीतरी पुटपुटले. काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने, एकेक शब्द तोडून, लहान मुलाशी बोलावं तसं विचारलं, "तुम्हाला – जर्मन – समजतं?"

माझ्या मागे रांग होती. मी मान डोलावली. त्या पुन्हा त्याच आवाजात, "दिवसातून – तीन – वेळा!" म्हणत तीन बोटं नाचवायला लागल्या.

"माझ्या आईला सगळं समजतं," मुलगी म्हणाली. तिचं जर्मन त्या बाईंसारखंच, इथल्या स्वाबियन बोलीच्या वळणाचं. "तिचं जबड्याचं ऑपरेशन झालंय. तिला फक्त आत्ता बोलता येत नाही. तुम्ही नीट बोललात तरी चालेल."

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या, माफी मागितली. मुलीने औषध घेतलं आणि माझ्याकडे वळून स्वतःच्या बाहीने माझी हनुवटी पुसली. तेव्हा मला कळलं की लाळ गळत होती. खालचा ओठ पूर्ण बधिर होता, मला काहीच जाणवलं नव्हतं. कधीपासून गळत होती कोण जाणे.

रस्त्यावर आल्यावर मी फोनवर लिहून तिला दाखवलं: थँक यू.

तिने वाचलं. "तरी पाइनलिशच होतं," ती म्हणाली. आणि मग थोडं चालून गेल्यावर, "पण ती बाई जास्त पाइनलिश होती."

मला हसू आलं आणि टाके इतके दुखले की मी फुटपाथवरच थांबले.

आईला शेवटी मुलीनेच सांगितलं. व्हिडिओ कॉलवर आजीने "तुझी आई आहे कुठे, कधी दिसतच नाही," असं विचारलं आणि ही आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आईचं तोंड कापलं, आजी. मग स्क्रू लावले." मी स्वयंपाकघरातून धावत आले. तोवर रबरं निघाली होती, थोडं बोलता येत होतं. स्क्रीनवर आईचा चेहरा पांढरा पडलेला.

"जवळ ये," ती म्हणाली. "उजेडात ये."

मी खिडकीपाशी गेले. ती चष्मा लावून बघत राहिली. मी वाट बघत होते, आता रागावेल.

"मिटतात आता?" तिने विचारलं.

मी दात मिटून दाखवले. अजून थोडी फट होती, पण वरचे खालच्यांना जवळजवळ लागत होते.

आई रडायला लागली. "तू अंगठा चोखायचीस," ती म्हणाली. "पहिलीत गेलीस तरी. मी कडुलिंब लावला, पट्टी बांधली, एकदा मारलंसुद्धा. नाही सुटला. शेजारच्या सगळ्या म्हणायच्या, आईचं लक्ष नाही, दिवसभर मशीनवर बसते. तुझं तोंड बघितलं की मला तेच ऐकू यायचं गं."

इतकी वर्षं मी समजत होते की माझ्या दातांबद्दल घरात कुणाला काही वाटतच नाही. ती गप्प बसायची तेव्हा मी तिच्यापासून तोंड लपवायचे, आणि ती माझ्यापासून नजर.

"आई, डॉक्टर म्हणाल्या, नुसत्या अंगठ्याने एवढं होत नाही. जबड्याची वाढच तशी होती," मी म्हणाले. डॉक्टर असं म्हणाल्या होत्या, थोडंफार.

"खरं?"

"खरं."

तिने पदराने डोळे पुसले. "दुखलं का फार?"

"हो," मी म्हणाले.

आता माझ्या तारा निघाल्या आहेत. मुलीच्या माझ्या आधीच निघाल्या. दात मिटतात. 'स' अजूनही घाईत बोलले तर घसरतो. ऑफिसात एकजण म्हणाला की मी रजेवरून ताजीतवानी होऊन आलेय, आणि त्यावरही मी लाजले, फसवणूक केल्यासारखी. हनुवटीचा डावा भाग मात्र अजून बधिर आहे, तो तसाच राहील म्हणतात. तिथे काही लागलं तर मला कळत नाही.

मागच्या महिन्यात आमच्याकडे ऑफिसातले काही जण सहकुटुंब जेवायला आले होते. मी बोलण्याच्या भरात होते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि एक बोट आपल्या हनुवटीवर, डाव्या बाजूला, हलकेच टेकवलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी रुमालाने तिथे पुसलं. दही होतं. माझा चेहरा तापला, नेहमीसारखाच, आणि ती शेजारच्या मुलाशी काय बोलत होती ते पुढे बोलायला लागली.