हाताने सांगितलेला आकडा

आमच्या कारखान्यात मोबाईल गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवूनच आत जावं लागतं. त्यामुळे हरेश गेल्याची बातमी मला दोन तास उशिरा कळली. सुपरवायझर पॅनलरूमच्या दारात उभा राहून म्हणाला, "विलास, सातपाटीहून फोन होता..." बदली माणूस येईपर्यंत जागा सोडता येत नव्हती. समोर टाकीचं तापमान दिसत होतं, ते बघत मी बसून राहिलो.

हरेश सातपाटीच्या मच्छीमार घरातला. घरची बोट थोरल्या भावाकडे, म्हणून हा नोकरीला आला. मी सांगलीकडचा, कारखान्याजवळ कुंभवलीत खोली घेऊन राहिलेला. वीसेक वर्षं आम्ही एकाच प्लांटमध्ये हाताने व्हॉल्व्ह फिरवले. पन्नाशीला टेकलो आणि नवं संगणकी पॅनल आलं. त्यावर बसायचं तर कोर्स करून परीक्षा द्यायची, नाहीतर गोडाऊनमध्ये पोती मोजायची. मी घाबरलो होतो. हरेश म्हणाला, "आपुन दोघं नापास झालो तर पोती तरी सोबत मोजू." दर रविवारी सकाळी बोईसरच्या क्लासमध्ये आम्ही पोरासोरांच्या रांगेत बसू लागलो. शिकवणारी प्राजक्ता आमच्या मुलींच्या वयाची. आम्ही तिला मॅडम म्हणायचो, ती आम्हाला काका.

पॅनल नुसतं चालवायला प्रोग्रॅम लिहिता यावा लागत नाही, पण मॅडमचं म्हणणं, यंत्र कसा विचार करतं ते एकदा हाताखालून गेलं पाहिजे. तिने आम्हाला आकडा ओळखण्याचा खेळ लिहायला लावला. संगणकाने एक ते शंभरमधला आकडा मनात धरायचा, आपण ओळखायचा. आपला आकडा मोठा असेल तर त्याने एक सांगायचं, लहान असेल तर दुसरं. ही झाली अट. आणि बरोबर येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारत राहायचं, तो लूप. सगळ्यांच्या स्क्रीनवर 'जास्त', 'कमी' असे शब्द उमटत होते. हरेशने मात्र लिहिलं होतं, 'लय वर गेलास, खाली ये' आणि 'नाय रे, अजून वर'. पहिल्यांदा चालवला तेव्हा आकडा विचारायची ओळ त्याने लूपच्या बाहेर ठेवली होती. एकदा अकरा टाकले आणि 'नाय रे, अजून वर' अशा ओळी धो धो वाहायला लागल्या. "मॅडम, यो थांबत नाय!" हा ओरडला. सगळा वर्ग हसला, सगळ्यांत जास्त तोच. मॅडमनी चूक दाखवली नाही, शोधायला लावली. दोन रविवार गेले त्यात. ती ओळ आत आली आणि खेळ नीट चालला, त्या दिवशी हा घरी जाईपर्यंत रस्त्यात भेटेल त्याला आकडा धरायला सांगत होता.

परीक्षा आम्ही दोघंही पास झालो. शेजारशेजारच्या खुर्च्या मिळाल्या. वर्षही झालं नसेल, हरेशचा आवाज बसला. सर्दी आहे, पंखा लागला, असं म्हणण्यात महिने गेले. मीसुद्धा त्याला गुळण्या करायलाच सांगत होतो... मुंबईच्या डॉक्टरांनी घशात गाठ असल्याचं सांगितलं आणि स्वरयंत्र काढून टाकलं. ऑपरेशननंतर सातपाटीला भेटायला गेलो, तर काय बोलावं सुचेना, म्हणून मी बोलतच सुटलो. प्लांट, बदल्या, कॅन्टीन. हरेशने हाताने गप्प केलं, मुलीचा लॅपटॉप ओढला आणि तो खेळ लावला. मी पन्नास टाकले. स्क्रीनवर आलं, 'नाय रे, अजून वर'. आवाज गेला होता, पण बोलणं अगदी त्याचं होतं. मी तोंड धुवायचं निमित्त करून मागच्या दारी गेलो.

पुढे दुखणं उलटलं. तो पाटीवर लिहून बोलायचा, पण पाटीवरचं काहीही त्याची बायको, हेमलता वहिनी, मोठ्याने वाचायच्या. म्हणून एक गोष्ट त्याने पाटीवर कधीच लिहिली नाही. डॉक्टर दहापैकी दुखणं विचारतात ना, ते. वहिनी बाहेर गेल्या की मी विचारायचो. "चार?" तो तळवा वर उचलायचा. "सहा?" पुन्हा वर. "नऊ?" तळवा थोडा खाली. आठ. मग दाराकडे बघून बोट ओठांवर. मी गप्प राहिलो. डॉक्टरांना सांगितलं असतं तर औषध वाढवलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्याने माझ्याकडून मागितलेली ती एकच गोष्ट होती... बरोबर केलं की चूक, अजून ठरवता येत नाही.

दिवसकार्यानंतर तीनेक आठवड्यांनी मी सातपाटीला गेलो. वहिनी काठ्यांवरचे वाळलेले बोंबील उतरवत होत्या. मी तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मला ठाव होता," त्या म्हणाल्या. "खिडकीतून बगायची मी. डॉक्टरला मीच सांगितला. औषध वाढवलेला, तुमाला दोघांना पत्ता नाय लागू दिला."

"मग त्याला का नाही बोललात?"

"मी इचारला का तो दोन बोटं दाखवायचा. दोन सांगताना त्याला बरा वाटायचा, भाऊजी. मंग मीबी दोनच धरायची."

कितीतरी महिन्यांचं ओझं उतरलं आणि त्याच जागी दुसरं काहीतरी येऊन बसलं. वहिनींनी टोपली उचलली, आम्ही घरात आलो. मुलगी आतून आली, हरेशची आई कोपऱ्यात जाळं दुरुस्त करत होती.

"जेवूनच जाल ना?" वहिनींनी विचारलं.

मी हो म्हणालो. पण तिघींपैकी कुणीही माझ्या तोंडाकडे बघत नव्हतं. या घरात उत्तर हाताने यायची सवय अजून मोडली नव्हती; तिघींची नजर माझ्या हाताकडे होती.