खंडेनवमीला बंद केलेला फ्रिज

मुलांनो, रविवारी फोनवर तुम्ही आत्याला विचारलंत, नाताळात येणार ना? ती "देखेंगे" म्हणाली आणि उठून गेली. त्याचं कारण फोनवर सांगायला गेले तर मी मध्येच चिडेन, म्हणून आजच लिहून टाकते.

आत्या फरीदाबादच्या प्रयोगशाळेत प्रथिनं तपासते. इतर पद्धतींत प्रथिनाचे असंख्य रेणू एकदम मोजतात आणि सरासरी काढतात. तिला एकेका रेणूची चौकशी करायची आहे. त्यासाठी एक चिप असते, तळहातावर मावेल एवढी. तिच्यातल्या पातळ पडद्याला सुईच्या नेढ्याहून कितीतरी बारीक छिद्रं असतात. त्यांतून वीज वाहत असते. गुंडाळलेलं प्रथिन सरळ करून दोऱ्यासारखं ओढलं, की त्याचा प्रत्येक भाग वीज थोडीथोडी अडवतो. त्या चढउतारावरून कोणता रेणू गेला ते ओळखायचं. छिद्रंही प्रथिनांचीच, म्हणून चिप फ्रिजमध्ये ठेवावी लागते, नाहीतर ती मरतात.

अशी एकच चिप उरली होती. दुसरी परदेशातून यायला महिने लागतात. आणि दिवाळीनंतर समिती येणार, तेव्हा नीट नोंदी दाखवल्या नाहीत तर प्रकल्प बंद.

अशा वेळी आमच्या विदुषी लेकीने खंडेनवमी केली. दरवर्षीच करते. यंत्रं पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा आणि दसरा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. तिथल्या पंजाबी, बंगाली, केरळी सगळ्यांना ही आपली पद्धत आवडते, पेढे मिळतात ना. इथवर माझी तक्रार नाही. पण निघताना तिने खोलीचा मेन स्विच बंद केला. फ्रिज त्याच लाइनवर. जोडून शनिवार-रविवार आले, आणि इथे दिल्लीकडे तेव्हा अजून पंखे फिरत होते.

सोमवारी संध्याकाळी आली ती सरळ स्वयंपाकघरात, चपला घालून.

"आई, फ्रिज कोमट होता."

"अगं, विश्रांती शस्त्रांना द्यायची. फ्रिज काय लढाईवर जातो?"

"बाहेर पडताना मेन बंद करायचा, हे मला कोणी शिकवलं?"

"घराचा! आणि घरातही आधी फ्रिज रिकामा करायचा, हे अर्धं कुठे गेलं?"

"चलो, आता दोघी मिळून चिडू या," म्हणाली आणि पोह्यांची बशी घेऊन बसली. खाल्लं काहीच नाही.

वर तिची सहकारी फोन करून मला म्हणते, "आंटीजी, पूजा तो बिल्कुल सही थी." मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी यंत्रात चिप घालून तपासली. यंत्र पडद्यावर दाखवतं, कोणती छिद्रं जिवंत, कोणती गेली. बहुतेक गेली होती. एका कोपऱ्यातली तेवढी वाचली. रेणू एकेक करूनच मोजायचे असल्यामुळे तेवढ्यांवरही काम होतं, फक्त फार हळू. म्हणून ती आता सुट्टीच्या दिवशीही जाते, डबा तसाच परत आणते आणि तुम्हाला "देखेंगे" म्हणते.

फ्रिजला आता वेगळी लाइन आहे. स्विचवर चिकटपट्टी आहे, ती मी दिली. समिती अजून यायची आहे. कोपऱ्यातली छिद्रं आज सकाळपर्यंत जिवंत आहेत.